दुधाचा थर्मास

आपला मुलूख सोडून नोकरीपायी देशभर हिंडणाऱ्या मराठी माणसाला नव्या गावाची पहिली ओळख होते ती तेथील पाण्याने. बिऱ्हाड लागून आठ दिवस होतात न होतात तोच तो घरी कळवतो, "इथलं पाणी मला लागलं." हे 'लागणे' मोठे विलक्षण क्रियापद आहे. ठेच लागते, तहान लागते, लळा लागतो आणि पाणीही लागते! पोट बिघडले एवढे साधे बोलून आपले समाधान होत नाही. बिघाडाचे खापर कोणाच्या तरी माथी फुटल्यावाचून आपल्याला चैन पडत नाही. गावाचे पाणी, खाणावळीतले तेल, वरिष्ठांचा स्वभाव, आणि यांतले काहीच हाती लागले नाही तर घरच्या बाईच्या हाताचे तिखट.

गेल्या भाद्रपदात दिल्लीतील आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात पंगत बसली होती. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी असा बेत होता. माझ्या शेजारी नुकताच बदलून आलेला एक तरुण अधिकारी होता. पानावर वरणभात पडला तशी त्याने खिशातून गोळ्यांचे पाकीट काढले, एक कॅप्सूल तोंडात टाकली, वर पाणी प्याला आणि म्हणाला, "आता निर्धास्त!"

मी म्हणालो, "ही जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. आणि किती वर्षं घेताय?"

"झाली असतील चार-पाच. औषधवाला देतो. काका, तुम्ही डॉक्टर आहात का?"

मी डॉक्टर नाही. उभी हयात सरकारचे हिशेब तपासण्यात गेली. परंतु या एका विषयात मला थोडी गती आहे आणि ती मला बरीच महाग पडली आहे. पंगतीत वाढपी डोक्यावर उभा असताना जे सांगता आले नाही ते येथे सांगतो.

आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. बिलासपूर, खरगपूर आणि शेवटी कलकत्ता असा त्यांचा नोकरीचा प्रवास झाला. त्यांच्याविषयीची माझी सर्वांत जुनी आठवण म्हणजे त्यांचा थर्मास. हिरव्या पत्र्याचा, वर पेल्याचे टोपण असलेला. १९६३ साली बिलासपूरला असताना बेरियम पाजून त्यांच्या पोटाचे क्ष-किरण चित्र काढले गेले आणि लहान आतड्याच्या अगदी तोंडाशी व्रण असल्याचे निदान झाले. त्या दिवसापासून तो थर्मास त्यांच्या बरोबर कचेरीत जाऊ लागला. त्यात थंड दूध असे. दर दोन तासांनी एक पेला दूध आणि मधून मधून चिमूटभर सोडा, असा डॉक्टरांचा हुकूम होता. शिकागोच्या डॉ. बर्ट्रम सिपी यांनी १९१५ साली अल्सरवर दूध, साय आणि क्षार यांची ही उपचारपद्धती मांडली होती. पन्नास वर्षांनंतर ती बिलासपूरच्या रेल्वे वसाहतीत आमच्या घरी नांदत होती.

अण्णांचे दुखणे घड्याळ लावल्यासारखे येई. रात्री दीड-दोनच्या सुमारास, पोट रिकामे झाले की ते उठत. स्वयंपाकघरात दिवा लागे. पाठोपाठ आई उठे. भांड्याचा आवाज होई, मग बराच वेळ काहीच नाही, मग अण्णांची ढेकर. ती ऐकली की आई म्हणे, "आता येईल झोप." मी पांघरुणातून हे सारे ऐकत असे. दुखणे फार असले की अण्णा विनोद करीत. भगवंत वैश्वानर होऊन प्राण्यांच्या देहात राहतो असे गीतेत म्हटले आहे, अण्णा म्हणत, "माझ्याकडे त्यांचा मुक्काम जरा लांबलाय."

सोड्याचे काम समजायला सोपे आहे. आपल्या जठरात दिवसाकाठी दीड-दोन लिटर रस झरतो आणि त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. रसायनशाळेतल्या बाटलीत असते तेच. खाण्याचा सोडा त्याला भेटला की मीठ होते, पाणी होते आणि कार्बन डायॉक्साइड वायू सुटतो. तो वायू म्हणजेच अण्णांची ढेकर. पण जठर हा भरून ठेवलेला हौद नव्हे, झरा आहे. आहे ते आम्ल मारले तरी मागचे येतच राहते, आणि रिकाम्या पोटी घेतलेला असा क्षार फार तर अर्धा-पाऊण तास पुरतो. पुढे मॅग्नेशियमचे पांढरे औषध घरात आले. त्याने पोट सैल होई. अॅल्युमिनियमचे आले, त्याने कोठा घट्ट होई. शेवटी औषध करणाऱ्यांनी दोन्ही एकाच बाटलीत घालून दोन खोड्या एकमेकींच्या गळ्यात बांधल्या. आजही बाजारातील गुलाबी-पांढऱ्या बाटल्यांतून बहुधा हेच जोडपे संसार करीत असते.

दुधाची कथा अधिक खेदाची आहे. दूध पोटात गेले की घटकाभर आम्लाचा जोर उतरतो, हे खरे. परंतु दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम हीच जठराला अधिक आम्ल सोडण्याची सूचना देतात. म्हणजे दोन वाजता प्यालेले दूध तीन वाजताच्या दुखण्याची तयारी करीत असे. हे अण्णांना कोणी सांगितले नाही, कारण सांगणारांनाही ते ठाऊक नव्हते. बाराही महिने, थर्मासातून पेल्यात आणि पेल्यातून पोटात, आम्ही त्या आगीत पाणी समजून तेल ओतीत होतो, अगदी निष्ठेने.

घरात या आजाराला 'पित्त' म्हणत. वास्तविक पित्त यकृतात तयार होऊन लहान आतड्यात उतरते आणि ते आम्ल तर नसतेच, उलट किंचित अल्कधर्मी असते. पण आपल्या भाषेने जठरातल्या आम्लालाही पित्तच म्हणावयाचे ठरवले, आणि तेवढ्यावर न थांबता रागाचाही त्याच्याशी संबंध जोडला. माणसाचे पित्त खवळते ते रागाने. मग ज्याचे पोट जळते तो मुळातच संतापी किंवा आतल्या आत कुढणारा असला पाहिजे, हा निकाल भाषाच आपल्या हातावर ठेवते. त्या काळचे वैद्यकही याहून फार निराळे बोलत नव्हते. काळजी, दगदग, महत्त्वाकांक्षा यांनी अल्सर होतो, असे डॉक्टर सांगत आणि अण्णांना म्हणत, "मनाला लावून घेऊ नका." अण्णा शांत वृत्तीचे गृहस्थ होते. पण हे बारा वेळा ऐकल्यावर त्यांनाही वाटू लागले की आपल्या स्वभावातच काही खोट आहे. कोणी मोठ्याने बोलले तरी ते खोलीतून उठून जात, पित्त खवळू नये म्हणून.

नातेवाइकांचा निकाल आणखी जवळचा होता. आई कोल्हापूरची. तिच्या माहेराहून दर उन्हाळ्यात चटणीचा डबा येई. कोल्हापूरकडे चटणी म्हणजे लाल तिखटाचा तो मसाला, ज्याच्यावाचून तेथे रस्सा होत नाही. आणि आईच्या हातचा हिरव्या मिरच्यांचा ठेचा तर खरगपूरच्या मराठी मंडळीत प्रसिद्ध होता. आत्याने एकदा येऊन सर्वांदेखत म्हटले, "वहिनी, तुमच्या हातानं दादाचं पोट जाळलं हो." आई काही बोलली नाही. त्या वर्षी तिने माहेरी लिहून चटणी पाठवू नका म्हणून कळवले, खलबत्ता माळ्यावर टाकला आणि स्वतःच्या पानातूनही मिरची काढली. आमच्या घरी पुढे मऊ भात, मुगाचे वरण आणि दुधी भोपळा यांचे राज्य आले. मी कोल्हापूरच्या मुलीच्या पोटी जन्मून तिखटाची खरी चव शिकलो ती नोकरीला लागल्यावर.

माझाही एक निकाल होता. १९६८ साली मी आठवीत गणितात नापास झालो. प्रगतिपुस्तकावर अण्णांनी मुकाट्याने सही केली. त्याच रात्री त्यांना उलटी झाली. कॉफीच्या गाळासारखी, गडद. व्रणातून रक्त जात होते. शेजाऱ्यांनी त्यांना रुग्णालयात नेले आणि अंगणात उभे राहून कोणीतरी म्हणाले, "मुलाचं फार मनाला लागलं असणार." तेरा वर्षांच्या मुलाला बेरीज येत नसली तरी ही बेरीज त्याला आली. ती मी कोणाला दाखवली नाही.

पुढल्या वर्षी कलकत्त्यास अण्णांवर शस्त्रक्रिया झाली. व्हेगस नावाचा मज्जातंतू मेंदूतून निघून पोटापर्यंत उतरतो. अन्न दिसले, वास आला, नुसती आठवण झाली तरी तो जठराला आम्ल सोडण्याची वर्दी देतो. तोच कापला म्हणजे आम्लाचा जोर ओसरेल, अशी त्या शस्त्रक्रियेमागची कल्पना, आणि ती चुकीची नव्हती. पण जठर रिकामे करण्याचे कामही त्याच मज्जातंतूच्या देखरेखीखाली चालते. त्यामुळे जठराचे खालचे दार कापून रुंद करावे लागे. मग अन्न पचण्याआधीच भसकन आतड्यात उतरे. जेवण झाले की अण्णांना दरदरून घाम सुटे, छाती धडधडे आणि ते अर्धा तास पडून राहत. रात्रीचे दुखणे थांबले; परंतु भीती गेली नाही, म्हणून थर्मासही गेला नाही. १९८१ च्या जानेवारीत ते हृदयविकाराने गेले, तेव्हाही तो टेबलावर होता.

आता थोडे त्या यंत्राविषयी सांगितले पाहिजे, म्हणजे पुढच्या औषधांची चतुराई ध्यानात येईल. जठराच्या अस्तरात आम्ल तयार करणाऱ्या पेशी आहेत. त्यांना हुकूम तीन वाटांनी येतो. व्हेगसकडून एक, गॅस्ट्रिन नावाच्या अंतःस्रावाकडून रक्तावाटे दुसरा, आणि शेजारच्याच पेशींतून झरणाऱ्या हिस्टामिनकडून तिसरा. आपल्या कचेरीच्या भाषेत बोलायचे तर एकाच फायलीवर तीन खात्यांचे शेरे. हे शेरे पडले की पेशीच्या आतले पंप पृष्ठभागावर येतात आणि आम्लाचा कण बाहेर ढकलून त्याच्या बदल्यात पोटॅशियमचा कण आत घेतात. सोडा आणि मॅग्नेशिया ही औषधे फाइल बाहेर पडल्यावर तिच्यावर पाणी ओतणारी. शस्त्रक्रिया म्हणजे एका खात्याचीच तार तोडणे.

इंग्लंडमध्ये जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने तिसऱ्या वाटेचा विचार केला. हिस्टामिन पेशीच्या ज्या खाचेत बसते त्या खाचेत आधीच दुसरे काही बसवून ठेवले तर? त्यांच्या प्रयत्नांतून सिमेटिडीन हे औषध निघाले आणि १९७६ साली इंग्लंडमध्ये विक्रीस आले. सुरी न चालवता व्रण भरून येऊ लागले. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या औषधाचे धाकटे भावंड रॅनिटिडीन. १९८६ साली पाटण्यास असताना छातीत जळजळ होऊ लागली तेव्हा औषधाच्या दुकानदाराने मला तेच दिले. (त्या रॅनिटिडीनचे दिवस पुढे फिरले. त्यात कर्करोगास कारण होऊ शकणारे अशुद्ध द्रव्य आढळल्याने २०२० साली अमेरिकेने ते बाजारातून काढावयास लावले आणि २०२२ साली आपल्याकडच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते वगळले गेले.) पण एक वाट बंद केली तरी दोन उघड्या राहतात, आणि काही दिवसांनी शरीर या औषधाला सरावते. माझेही तसेच झाले.

मग आले ओमेप्राझोल. स्वीडनमध्ये १९८८ साली ते प्रथम विक्रीस आले. पँटोप्राझोल वगैरे आज घरोघर दिसणारी औषधे याच कुळातली. त्या तरुण अधिकाऱ्याच्या खिशातली कॅप्सूलही तीच. हिची कामगिरी मी जेव्हा प्रथम समजून घेतली तेव्हा तिच्या निर्मात्यांपुढे मनोमन हात जोडले. कॅप्सूल उघडली तर आत खसखशीहून थोडे मोठे पांढरे दाणे दिसतात. त्यांवर लेप असतो, कारण जठरातले आम्ल या औषधाचा तेथेच नाश करते. लेपाच्या आश्रयाने ते निद्रिस्त स्थितीत जठर पार करते, आतड्यात विरघळून रक्तात जाते आणि रक्तावाटे मागच्या दाराने पुन्हा त्याच आम्लजनक पेशींत शिरते. तेथे, जेथे आम्ल प्रत्यक्ष बाहेर पडते त्या सूक्ष्म नळ्यांत, आम्लाच्याच स्पर्शाने त्याचे रूप पालटते आणि ते पंपाला जे चिकटते ते कायमचे. तो पंप पुन्हा चालत नाही. शरीराला नवा पंप घडवावा लागतो. म्हणून औषध दोन-चार तासांत रक्तातून नाहीसे झाले तरी त्याचा परिणाम दिवस उलटला तरी टिकतो. फाइलीवर तीन शेरे असोत की तीस, दारच बंद! मात्र चिकटण्यासाठी पंप चालू स्थितीत हवा, आणि पंप चालू होतात जेवणाने. म्हणून सकाळच्या खाण्याआधी अर्धा तास. जिलबीबरोबर घेतलेली कॅप्सूल वाया जात नाही, पण तिचे अर्धे बळ पंगतीतच सांडते.

१९९७ साली गुवाहाटीस असताना मी ही कॅप्सूल सुरू केली. डॉक्टरांना न विचारता, औषधवाल्याच्या शब्दावर, आणि बहुतेक वेळा जेवण झाल्यावर, आठवण होईल तेव्हा. जळजळ गेली. वडिलांना अर्धे आयुष्य छळणारा वैश्वानर मी चार रुपयांत गप्प केला, याचा मला गर्वच वाटू लागला. ज्या खात्यात वर्षानुवर्षे एकही आक्षेप निघत नाही ते खाते आधी तपासावे, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तो मी नव्या उमेदवारांना शिकवीत असे आणि खिशात ते पाकीट बाळगीत असे.

२००५ साली आम्ही दिल्लीत सरकारी बंगल्यात होतो आणि आई माझ्याजवळ होती. ४ ऑक्टोबरची सकाळ. त्या दिवशी घटस्थापना होती. आई परडीत माती पसरून तीत धान्य पेरीत होती आणि मी तिच्याजवळ बसून वृत्तपत्र वाचीत होतो. वैद्यकाचे नोबेल पारितोषिक ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना जाहीर झाले होते. वॉरन हे पर्थ शहरातले विकृतिशास्त्रज्ञ. जठराच्या तुकड्यांत वळणदार जिवाणू दिसतात, हे त्यांना १९७९ साली आढळले. एवढ्या आम्लात जंतू जगूच शकत नाही, असा सर्वांचा ठाम समज होता. मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. जंतू प्रयोगशाळेत वाढवण्याचे प्रयत्न फसत होते. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा नेहमीपेक्षा अधिक दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत तो उगवला. तरी कोणी मानीना. तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन टाकला, काही दिवसांत आजारी पडले आणि आपल्या जठराला सूज आल्याचे दाखवून दिले.

त्या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. त्याची युक्ती वाचून मी थक्क झालो. पोटातल्या युरियापासून तो अमोनिया करतो आणि त्या अल्कधर्मी अमोनियाचे कवच अंगाभोवती घेऊन आम्लात मजेत राहतो. अण्णा बाहेरून सोडा घेत होते. जंतू आपला सोडा स्वतःच तयार करीत होता! तो जठराच्या अस्तरात बसून दाह करतो, आणि मग नेहमीचेच आम्ल दुबळ्या झालेल्या भिंतीला खाऊ लागते. हा जंतू ज्यांच्या पोटात असतो त्या बहुतेकांना काहीच होत नाही, हेही खरे. पण आतड्याच्या तोंडाशी होणारे व्रण बहुतांशी त्याच्यामुळे होतात आणि प्रतिजैविकांनी तो गेला की व्रण सहसा परतून येत नाही. अण्णांच्या पोटात तो होताच असे मी शपथेवर सांगू शकत नाही. त्यांना तपासणारे त्या वेळी कोणी नव्हते. परंतु त्यांचा व्रण त्या जागचा होता, आणि अंगदुखीच्या गोळ्या घेण्याची त्यांना सवय नव्हती.

हे सारे मी आईला सोपे करून सांगितले. तिचे हात मातीत होते. ती पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,

"मिरचीनं नाही होत?"

"नाही. व्रण असला तर मिरची झोंबते. पण मिरचीनं व्रण होत नाही."

"आणि काळजीनं?"

"नुसत्या काळजीनं नाही."

तिने घटात पाणी ओतले. "मग ह्यांना मी ठेचा वाढला असता तर चाललं असतं?"

मी म्हणालो, "थोडा चालला असता, आई."

"शेवटी शेवटी मागायचे रे," ती म्हणाली. "मी म्हणायची, संपलाय."

माझ्या गणिताच्या गुणांची गोष्ट त्या वेळी माझ्या ओठांवर आली होती. मी ती सांगितली नाही. घरातील प्रत्येक माणूस सदतीस वर्षे त्या व्रणाचा आपापला वाटा मुकाट्याने वाहत होता, आणि आईचा वाटा माझ्याहून कितीतरी जड होता; त्यावर माझा ठेवणे बरे दिसले नसते.

उठता उठता ती म्हणाली, "तो जंतू एका ताटातनं दुसऱ्याला लागतो का?"

"लहानपणी, घरातल्या घरात लागतो असं म्हणतात."

"मग तू तपासून घे."

मी हसून म्हणालो, मला आता काही होत नाही. आणि ते खरेच होते.

पुढल्या फेब्रुवारीत मी भुवनेश्वरच्या दौऱ्यावर होतो. त्याआधी महिनाभर गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या चालू होत्या. या गोळ्यांचे असे आहे की शरीरातली जी द्रव्ये सांध्यात वेदना उत्पन्न करतात त्यांचीच भावंडे जठराच्या भिंतीवर बुळबुळीत संरक्षक थर राखतात. गोळी दोघांनाही बंद करते. दुसऱ्या दिवशी सकाळी मला डांबरासारखी काळी शौचास झाली, आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. अर्थ समजायला मला वेळ लागला नाही. अण्णांचा मुलगा होतो ना!

दिल्लीस परतल्यावर घशातून दुर्बीण घालून तपासणी झाली. अण्णांचा होता तेथेच व्रण. डॉक्टरांनी विचारले, ही कॅप्सूल किती वर्षे घेता? कोणी लिहून दिली? पहिल्याचे उत्तर नऊ वर्षे आणि दुसऱ्याचे, कोणीही नाही. ते म्हणाले, "म्हणजे नऊ वर्षं तुम्ही तक्रार मिटवलीत. तपासली नाहीत." लेखापरीक्षकाला याहून मोठा शेरा नाही.

जंतूची तपासणी मात्र नकारात्मक आली. डॉक्टरांनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. ताजा रक्तस्राव असला किंवा ही कॅप्सूल चालू असली म्हणजे जंतू दबून राहतो, मरत नाही, आणि तपासणीला चकवतो. म्हणून आठ आठवडे नियमाने औषध देऊन व्रण भरून आणला आणि मग दोन आठवडे कॅप्सूल पूर्णपणे बंद करून पुन्हा तपासावयाचे ठरले.

ते दोन आठवडे मी विसरणार नाही. वर्षानुवर्षे आम्लाचे दार बंद राहिले की शरीर गॅस्ट्रिनचे हुकूम अधिकाधिक मोठ्याने सोडू लागते. दार उघडताच ते सर्व साचलेले हुकूम एकदम बजावले जातात, आणि आम्ल पूर्वीहून जोरात येते. ही औषधे अचानक थांबवणाऱ्या पुष्कळांना 'पाहा, याशिवाय माझे चालत नाही' असे वाटते, त्याचे कारण हे. चौथ्या रात्री दीडच्या सुमारास मला जाग आली. छातीच्या खाली, मध्यभागी, कोणी निखारा ठेवावा तसे होत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन दिवा लावला आणि ओट्याला धरून उभा राहिलो. अण्णाही असेच उभे राहत असतील, हे मला तोवर कधी सुचले नव्हते. मी त्यांची फक्त ढेकर ऐकली होती.

मागे आई येऊन उभी होती. तिचे वय त्या वेळी पंचाहत्तर होते, गुडघे दुखत, तरी भिंतीला धरून ती आली होती. ती काही बोलली नाही. तिने फ्रिज उघडला, पातेल्यातले थंड दूध पेल्यात ओतले आणि माझ्यापुढे धरले.

दुधाने काय होते ते मला ठाऊक होते. प्रथिने, कॅल्शियम, गॅस्ट्रिन, सारे पाठ होते. मी दूध प्यालो. घटकाभर खरोखरच बरे वाटले. आई दाराशी थांबली होती, ढेकर ऐकण्यासाठी.

दोन आठवडे संपल्यावर जठराच्या अस्तराचा कणभर तुकडा काढून डॉक्टरांनी पिवळ्या द्रव्यात टाकला. त्या द्रव्यात युरिया असतो. पाहता पाहता पिवळ्याचे गुलाबी झाले. ज्या अमोनियाच्या आडोशाने जंतू लपतो त्यानेच त्याची चुगली केली. डॉक्टरांनी मला तो रंग मुद्दाम दाखवला, आणि मी तो, सांगण्यास लाज वाटते, फार प्रेमाने पाहिला. मला अण्णांच्या व्रणाचा कर्ता भेटल्यासारखे झाले.

मग अमॉक्सिसिलिन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि ओमेप्राझोल अशी तीन औषधे, दिवसातून दोनदा, चौदा दिवस. पहिली दोन जंतूला मारणारी. तिसरे आम्ल उतरवून त्यांना हात देणारे. तोंड कडू होई, जेवण नको वाटे, आणखी काही नाही. (आज हीच औषधे प्रत्येकाला लागू पडतील असे नव्हे. आपल्याकडे क्लॅरिथ्रोमायसिनला हा जंतू पुष्कळ ठिकाणी निर्ढावला आहे, आणि अनेकदा बिस्मथ घालून चार औषधांचा उपचार करावा लागतो. ते ठरवणे डॉक्टरांचे काम. औषधवाल्याचे नव्हे आणि माझेही नव्हे.) गोळ्या मोजून देण्याचे काम आईने आपल्याकडे घेतले होते. सकाळ-संध्याकाळ ती पाकिटातून गोळ्या काढी आणि कॅलेंडरवर रेघ मारी.

पंधराव्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून आलो तेव्हा ती रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा हातात घेऊन बसली होती.

"संपल्या?" तिने विचारले.

"संपल्या. महिन्यानं एकदा तपासायचं, गेला की नाही ते. बाकी झालं."

"आणखी काही नाही?"

"काही नाही."

तिने कॅलेंडरकडे पाहिले. बोट लावून रेघा पहिल्यापासून पुन्हा मोजल्या.

"चौदाच दिवस?" ती म्हणाली.